गप्प बसवलेला कळप

साखराबाई डोंगरात निघाल्या होत्या त्या एकाच कामासाठी. काल गारपिटीत उधळलेली आपली मेंढरं आज दिवस मावळायच्या आत शोधून खाली आणायची. दिवस मावळला की वडवणीच्या मागचा तो सगळा डोंगर लांडग्यांचा! हे साखराबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची निम्मी हयात कळपामागे बालाघाटाच्या त्या उघड्याबोडक्या टेकड्या तुडवण्यात गेली होती, आणि घरात जे काही होतं ते त्या मेंढरांच्या पाठीवरच आलेलं होतं.

काल त्यांचे मालक बंकट नेहमीसारखे कळप आणि काळू कुत्रा घेऊन वर गेले होते. मार्च महिन्याचं ऊन, पळस ऐन भरात, आणि बघता बघता आभाळ काळंनिळं झालं. मग गारा! लिंबाएवढ्या! मेंढरं फुटली, बंकट त्यांना वळवायला धावले आणि एका घळीत कोसळले. पायाचं हाड मोडलं. सरपणाला आलेल्या माणसांनी त्यांना पाठीवर घालून खाली आणलं. आता ते दवाखान्यातल्या खाटेवर प्लास्टरमध्ये पडले होते आणि पडल्या पडल्या हुकूम सोडत होते.

“वजीर कळप सोडणार न्हाई. वजीर हाय तिथं समदी हायत. त्याला हुडका, बाकीची आपसूक गावतील.”

“कळलं. पाय मोडलाय तुमचा, तोंड न्हाई मोडलं,” साखराबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करून बाहेर पडल्या. पायरीवर आल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, ते कुणी पाहिलं नाही.

वजीर हा कळपाचा म्होरक्या. दोन्ही बाजूंनी वळलेली शिंगं, गळ्यात पितळी घंटा, आणि चालीत एखाद्या सरपंचाचा रुबाब. दसऱ्याला भंडारा आधी त्याच्या कपाळाला लागायचा, मग देवाच्या पायरीला, असं शेजारीपाजारी चेष्टेनं म्हणत. साखराबाई ते चेष्टेवारी नेत नसत.

सोबत दोघं होती. एक ऋतुजा, साखराबाईंच्या भावाची मुलगी. आत्याच्या शेळ्यांच्या दुधावर वाढलेली, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, आणि सहा महिन्यांपासून आत्याच्या कळपावर आपली सगळी विद्या पणाला लावून बसलेली. दुसरा भागवत, बंकट यांचा धाकटा भाऊ. पुढाऱ्यांच्या मागे फिरणं हा त्याचा धंदा आणि फोनवर बोलणं हा जोडधंदा. डोंगर चढायला तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता.

ऋतुजाच्या पाठीवरच्या पिशवीत एक डबा होता आणि माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना. तिची सगळी कामगिरी त्या डब्याशी बांधलेली होती. दर पाच-सहा मेंढरांत एकीच्या गळ्यात तिने एकेक पट्टा बांधला होता. पट्ट्यात काडेपेटीएवढी डबी. आपण कुठे आहोत ते डबीला कळायचं आणि ती ते बिनतारी दुसऱ्या पट्ट्याला सांगायची. त्यांतला एक मुख्य. त्याने सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि गावातल्या पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या अँटेनापर्यंत पोचवायचं. तिथून ते ऋतुजाच्या फोनवर ठिपके होऊन उमटायचं. साखराबाईंना हे पहिल्याच दिवशी पसंत पडलं होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी.

“मुख्य पट्ट्याचं काम आळीपाळीनं फिरत राहील, आत्या,” ऋतुजाने तेव्हा सांगितलं होतं. “लांबवर बोलायचं म्हणजे बॅटरी लई जाती. ज्याच्यात जास्त शिल्लक, तो त्या दिवसाचा मुख्य.”

“आन वजीर?”

“तो पण असेल ना, त्याची पाळी आली की.”

“पाळी?” साखराबाईंनी कमरेवर हात ठेवले होते. “म्होरक्याची पाळी असती का? मान वजीराचा हाय. कुणाबी सोम्यागोम्याच्या गळ्यात घालशील, तर घेऊन जा तुजं बाड!”

आत्यापुढे इंजिनिअरिंगचं काही चाललं नाही. ऋतुजाने हसत हसत मुख्य पट्टा वजीरच्या गळ्यात कायमचा बांधला, आणि आत्याने तिला हुलग्याचं माडगं प्यायला घातलं. सगळे खूष होते.

काल सकाळी, गारा पडायच्या कितीतरी आधी, ऋतुजाच्या फोनवरचे सगळे ठिपके एकदम गेले. टाकीवरची लाइट गेली असेल म्हणून तिने लक्ष दिलं नाही. टाकीवरची लाइट गेलीच नव्हती, हे तिला संध्याकाळी कळलं. तेव्हापासून ती फार कमी बोलत होती.

घोरपडीच्या कड्याखाली तिघं आली तेव्हा ऊन चढलं होतं. कालच्या गारांनी डोंगर सोलून काढला होता. झाडांना पान उरलं नव्हतं. सालईच्या बुंध्याशी पोपट मरून पडले होते. एरवी कुसळांनी भरलेलं वाळकं गवत चिखलात असं आडवं झालं होतं की पाय ठेवला की घसरलाच! साखराबाई अनवाणी पुढे, मधे ऋतुजा, आणि मागे भागवत, एका हाताने गवत धरत आणि दुसऱ्या हाताने फोन.

“हां साहेब... न्हाई साहेब, डोंगरात हाय... आमच्या वैनीची मेंढरं... हां, हां, मीटिंगला माणसं आणतो की!”

“भाऊजी,” साखराबाई मागे न बघता म्हणाल्या, “आदी तुमी तर वर या. मग माणसं आणा.”

कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ होतं. कालच्या गारांनी फाटलेली पोळी, आणि त्यावर संतापाने काळा झालेला माश्यांचा थर. साखराबाईंनी ते लांबूनच पाहिलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि वाकून, श्वास धरून पुढे सरकायची खूण केली. ऋतुजा वाकली. भागवतही वाकला. आणि नेमका त्याच वेळी त्याचा फोन खणखणीत आवाजात गाऊ लागला!

भणण्ण!

“खाली! खाली पडा!” साखराबाई ओरडल्या.

आभाळ खाली आल्यासारख्या माश्या आल्या. साखराबाईंनी खांद्यावरची घोंगडी झटकली, ऋतुजाला खाली ओढलं, भागवतच्या शर्टाची कॉलर धरून त्यालाही आत घेतलं, आणि तिघं एका घोंगडीखाली चिखलात पालथी पडून राहिली. वर नुसता भणभणाट! घोंगडीच्या आत घामाचा, लोकरीचा आणि भागवतच्या अत्तराचा वास. फोन अजून वाजतच होता.

“बंद करा की ते!”

“हात बाहेर हाय वैनी! हात बाहेर राह्यलाय!”

माश्या पांगल्या तेव्हा भागवतचा तो हात आणि एक कान बेसुमार सुजले होते. साखराबाईंनी कानातला एकेक काटा नखाने काढला. काढता काढता त्याला शिव्या दिल्या आणि वर फुंकरही घातली. फोनचं म्हणाल तर सकाळपासून तीन पुढाऱ्यांची खबरबात घेऊन दमलेला तो फोन थोड्याच वेळात आपोआप विझला. भागवतने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही घरातलं माणूस गेलं.

माथ्यावर पठार लागलं. चहूकडे नुसते दगड, बोरीची खुरटी झुडपं आणि त्यापलीकडे एकामागून एक दऱ्या. कळप यांतल्या कुठल्याही दरीत असू शकत होता. एकेक दरी उतरून बघायची तर आठवडा लागला असता, आणि त्यांच्याकडे होता तो उरलेला दिवस. पश्चिमेला पुन्हा ढग गोळा होऊ लागले होते.

ऋतुजाने डबा काढला, क्षणभर चालू करून कानोसा घेतला आणि लगेच बंद केला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच.

“सारका चालूच ठेव की,” साखराबाई म्हणाल्या.

“ऐकायला पण बॅटरी जाते, आत्या. बोलायला जाते जवळजवळ तेवढीच.”

“ऐकायलाबी?” साखराबाईंनी एकवार भागवतकडे पाहिलं. “खरं हाय बाई. भाऊजींचं ऐकून मलाबी तसंच हुतंय.”

सुजलेला कान धरून भागवतही हसला. त्यानंतर पठाराच्या टोकाशी ऋतुजाने पुन्हा डबा चालू केला, आणि डबा खरखरला!

“हायत! आत्या, हायत!”

साखराबाई डब्याला कान लावून खाली बसल्या. पण ऋतुजाचा चेहरा उजळला तसाच उतरला. ती अँटेना इकडे फिरवी, तिकडे फिरवी. जिकडे फिरवावी तिकडे तीच खरखर. काचेवर एकही नाव उमटत नव्हतं, दिशा लागत नव्हती.

“सगळे एकदम बोलायलेत,” ती म्हणाली. “एकावर एक. कुणाचंच काही कळंना.”

“असं कावून करायलेत?”

ऋतुजाने अँटेना खाली ठेवली. “मुख्य पट्टा बंद पडलाय. बाकीचे त्याला हाका मारायलेत. ओ आली नाही की अजून जोरात हाक मारायची, अशी सवय मीच लावली त्यांना. मला वाटलं, एखादा चुकला तर जोरात बोललेलं बरं. समदेच एकदम चुकतील हे डोक्यातच आलं न्हाई. कालपासून बोंबलत बसलेत, आत्या. असंच चाललं तर दुपार कलायच्या आत एकबी उरणार न्हाई.”

“एकबी?” साखराबाईंनी तिचं मनगट धरलं.

“पट्टे. मेंढरं न्हाई, पट्टे.”

“मग मुख्य पट्टाच कसा काय आदी मेला?”

भागवतने बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच न बोलता मिटलं. साखराबाईंना ते एवढ्यावरूनच कळलं. समद्यांचं ऐकायचं, समद्यांचं लांब पोचवायचं, आणि रोज तोच एकटा. मानाच्या नावाखाली त्यांनी वजीरच्या गळ्यात सगळ्या कळपाचं ओझं बांधलं होतं.

“मी बांधाय लावला,” त्या हळूच म्हणाल्या.

“मी पण हो म्हणलेच की.” ऋतुजा त्यांच्याशेजारी बसली. “आता एक करता येतं. पण लई धोक्याचं हाय. मी इथून त्यांना एकच निरोप सोडते. समद्यांनी झोपायचं. गप्प. मग आपापल्या पाळीनं एकेकानं जागं व्हायचं, हळू आवाजात शेजारच्याला नुसतं आपलं नाव सांगायचं, ठिकाण सांगण्याएवढी बॅटरी न्हाई, आन पुन्हा झोपायचं. त्यानं त्याच्या शेजारच्याला. असं होत होत जो आपल्या जवळ असंल तो आपल्याला सांगंल. एकाच वेळी एकच बोलला की दिशा लागंल. थोड्या बॅटरीत पण निभावंल.”

“आन धोका कसला?”

“बॅटऱ्या लई खाली गेल्यात. झोपल्यावर जागंच झाले न्हाईत तर... आत्ता जी खरखर ऐकू येते, ती पण जाईल.”

भागवत उसळला. “आगं, आत्ता कुटं आवाज आलाय आन तू त्येंना गप बसवतीस? वैनी, हिचं ऐकू नका! ह्या आवाजाच्याच मागं जाऊ!”

“कुठं जाल, मामा? सगळीकडून येतोय तो.”

दोघांनी साखराबाईंकडे पाहिलं. ऋतुजा म्हणाली, “कळप तुझा हाय, आत्या. तू म्हणशील तसं करू.”

साखराबाईंनी दऱ्यांकडे पाहिलं. मग डब्यावर ठेवलेल्या ऋतुजाच्या बोटांकडे. ही पोरगी लहानपणी मेलेल्या कोकराला फडक्यात गुंडाळून दिवसभर मांडीवर घेऊन बसली होती, कुणाला हात लावू देईना. तिला कळपाची काळजी नाही, असं कोण म्हणेल? साखराबाईंनी ऋतुजाकडे पाहून मान डोलावली.

“दाब.”

ऋतुजाने बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. आणि खरखर थांबली.

अशी शांतता त्या पठारावर साखराबाईंनी कधी ऐकली नव्हती. वारा होता, लांबवर गडगडत होतं, पण डबा मुका. एक भाकरी थापून भाजून व्हावी एवढा वेळ गेला. ऋतुजाने डबा चालू केला. काहीच नाही. पुन्हा तेवढाच वेळ. पुन्हा काहीच नाही! भागवत येरझारा घालत होता. साखराबाईंनी मुठीत माती धरली होती आणि त्या देवाचं नाव घेत नव्हत्या, एकेका मेंढीचं घेत होत्या. मोरणी, ढवळी, कोसी, चांदी...

टिक.

एकच आवाज! डब्याच्या काचेवर अक्षरं उमटली. पट्ट्यांना नावं मेंढरांचीच द्यायची हा साखराबाईंचा हट्ट ऋतुजाने पुरवला होता.

“चांदी!” ऋतुजा किंचाळली. “चांदी बोलली! आन तिनं मोरणीचा निरोप दिलाय... मोरणीनं ढवळीचा! आत्या, हळूहळू बोलायलेत, बघ!”

तिने अँटेना फिरवली. आता आवाज एकाच बाजूने येत होता, उत्तरेच्या सातकुंडीच्या दरीतून. साखराबाईंनी ऋतुजाचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्या कपाळाचा मुका घेतला. मातीचे पंजे तिच्या गालांवर उमटले. भागवत आधीच दरीच्या दिशेने धावत सुटला होता.

सातकुंडी नावाप्रमाणेच आहे. खाली सरळ कातळ, त्यात एकाखाली एक पाण्याचे डोह, आणि त्यांच्या काठाने बोटभर नाही तरी वीतभर रुंद अशी वाट. कालच्या पाण्याने भिजून ती बुळबुळीत झाली होती. तिघांनी एकमेकांना दोराने बांधून घेतलं. भागवत म्हणाला, डबा माझ्याकडे द्या, मी डोक्यावर धरतो. ऋतुजाला धीर होईना.

“घे की बे भरवसा एकदा तरी!” भागवत चिडून म्हणाला, आणि भाचीला आपण ‘बे’ म्हणालो हे लक्षात येऊन ओशाळला.

ऋतुजाने डबा दिला. चौथ्या डोहावर भागवतचा पाय सटकला!

धप्प! दोर ताणला. साखराबाई कातळाला पालीसारख्या चिकटल्या, ऋतुजा गुडघ्यांवर आली. खाली तांबूस पाण्यात भागवत गळ्यापर्यंत, मग नाकापर्यंत, मग पुरताच बुडाला. पण एक हात वर होता. त्या सुजलेल्या हातात डबा होता, कोरडा ठणठणीत!

“ओढा! ओढा!”

त्यांनी ओढलं. वर आल्यावर भागवतने आधी पाणी ओकलं, मग डबा ऋतुजाच्या हातात दिला. “बघ, चालतोय का.” चालत होता. आता काचेवर नावांमागून नावं येत होती. एकेक, पाळीपाळीने, शिस्तीत. पांढऱ्या शर्टाकडे कुणीच पाहिलं नाही, भागवतनेही नाही.

शेवटच्या डोहापलीकडे कातळाची मोठी कपार होती, पुढे झुकलेली. तिथून कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. घसा पार बसलेला.

“काळू!” साखराबाई धावल्या.

कपारीत कळप होता! भिजलेला, अंगाला अंग लावून उभा. पुढे काळू, पाय फाकवून, सगळी ताकद त्या फाटक्या भुंकण्यात लावून. आणि समोरच्या उतारावर, अगदी निवांत, दोन लांडगे बसले होते. त्यांना घाई नव्हती. अंधार पडायची ते वाट बघत होते.

साखराबाईंना पाहताच मेंढरांनी एकच गलका केला. त्या कळपात शिरल्या, कुणाच्या पाठीवर हात, कुणाचा कान ओढून, कुणाला शिवी. पण त्यांचे डोळे एकालाच शोधत होते. वजीर आत भिंतीशी उभा होता. गारेने एक डोळा सुजून बंद झाला होता, कपाळ फुटलं होतं. मालकिणीचा हात लागल्यावर त्याने मान त्यांच्या पोटात खुपसली.

वर ढग गडगडला. ऋतुजाने डोहांकडे पाहिलं. “आत्या, वर पाऊस लागला असंल. पाणी चढायलंय. निघायला पायजे!”

“चल माज्या राजा, चल पुढं हो.” साखराबाईंनी वजीरला वाटेच्या तोंडाशी आणलं. म्होरक्या निघाला की कळप निघतो. वजीरने एका डोळ्याने ती निसरडी वाट पाहिली, एक खूर ठेवला, आणि मागे घेतला. साखराबाईंनी चुचकारलं, ओढलं, दटावलं, हात जोडले. वजीर थरथरत उभा. तो हलेना, म्हणून कोणीच हलेना! पाणी वाटेच्या कडेला लागलं. लांडगे उठून उभे राहिले.

“वैनी, उचलून न्यू का?”

“कळप मागं येणार न्हाई तसा.” साखराबाई वजीरसमोर गुडघ्यांवर बसल्या. क्षणभर त्यांनी त्याच्या फुटलेल्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं. “लई वढलंस बाबा. लई वढलंस. आता दुसऱ्याला दी.”

आणि त्यांनी त्याच्या गळ्यातली घंटा सोडली.

ती घंटा कधी दुसऱ्या गळ्यात गेली नव्हती. साखराबाईंची बोटं गाठीवर अडखळली, डोळ्यांतलं पाणी गालांवरून सरळ खाली उतरलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. चांदी जवळच उभी होती. ना शिंग, ना रुबाब, पाच-सहा कोकरांची आई झालेली साधी मेंढी. साखराबाईंनी घंटा तिच्या गळ्यात बांधली, तिला वाटेवर आणलं आणि पाठीवर थाप मारली.

“जा गं बाई!”

चांदी एकदा थांबली. वाट हुंगली. मग टुणकन पुढे!

घण्, घण्, घण्. कळपाने कान टवकारले. ओळखीचा आवाज पुढे चालला होता. गळा कुणाचा का असेना! मोरणी निघाली. ढवळी निघाली. मग एकीमागून एक, ओढ्याला वाट फुटावी तशी मेंढरं त्या वीतभर वाटेने सुटली. ऋतुजा पुढे, भागवत मधे डोहाच्या बाजूला आडवा उभा, घसरणाऱ्याला गुडघ्याने आत ढकलत. आणि सगळ्यात मागे वजीरच्या गळ्याला हाताचा विळखा घालून साखराबाई, एकेक पाऊल.

तेवढ्यात मागे धूळभुरक्या रंगाची झेप! कपारीत मागे राहिलेलं एक कोकरू ओरडलं. काळू झेपावला, भागवत काठी उगारून मागे वळला. लांडगा कोकरू तोंडात धरून उतार चढत होता.

“सोडतो का बघतोच!”

“जाऊ द्या, भाऊजी!” साखराबाईंचा आवाज कातळावर आपटला. “जाऊ द्या! त्येच्यामागं गेलात तर हितं समदी जातील. खंडोबाची कुत्री हायत ती. त्येंचा वाटा असतोय.”

भागवतने काठी खाली घेतली. साखराबाईंनाही काही कमी दुखलं नव्हतं. ते कोकरू ढवळीचं होतं. पण त्या पुन्हा मागे वळल्या नाहीत. शेवटचा डोह ओलांडून वजीरचा मागचा पाय कोरड्या दगडावर टेकला, आणि थोड्याच वेळात मागे दरीत पाण्याचा लोंढा गर्जत उतरला. वाट दिसेनाशी झाली.

डोंगराच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याने आपलं रिकामं रान मेंढरं बसवायला दिलं. वरून लाह्या आणि गूळही दिला. सूर्य बुडायच्या बेताला आला होता. काट्याच्या कुंपणात कळप विसावला. ऋतुजाने दवाखान्यात फोन लावून आत्याच्या कानाशी धरला.

“गावली?” तिकडून बंकट.

“गावली. ढवळीचं कोकरू गेलं. बाकी समदी हायत.”

“वजीर पुडं व्हता न्हवं? मी म्हणलतो की न्हाई...”

“न्हाई,” साखराबाई म्हणाल्या. “मागं व्हता. माज्यासंगं.”

मग बंकट म्हणाले, “बरं केलंस.” आणि त्यांनी फोन ठेवला.

ऋतुजा डबा घेऊन बसली होती. पट्ट्यांत जेमतेम धुगधुगी होती, पण आता ते आपापसात हळू बोलत होते. मुख्य पट्ट्याचं काम तिने मोरणीकडे दिलं. आत्याला सांगायला ती वळली, तर आत्या काठी टेकत उठून कुंपणाच्या तोंडाशी निघालेल्या.

“कुठं निघालीस?”

“राखणीला. कोण बसंल मग?”

“मी बसतो,” भागवत म्हणाला.

साखराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चिखलाने माखलेला, कान भोपळ्यासारखा, दात थंडीने वाजत असलेले. “तुमी? तुमाला जागता यील?”

“माज्यानंतर ऋतुजा. मग पाटंला तुमी. तवर पडा, वैनी.”

“मला न्हाई झोप लागत कळपापाशी. कधीच लागत न्हाई.” साखराबाई तरीही खाली बसल्या, नुसतं पाठ टेकायला म्हणून. वजीर त्यांच्या पाठीशी येऊन बसला आणि त्याची ऊब लागली. “ऐका. वाऱ्याकडं तोंड करून बसा. काळूला भाकर टाका, पण लई नको, सुस्तावतो. कोसीच्या पायाला काटा हाय, तिला उठू दिऊ नका. ढवळी रातच्याला कोकराला हाका मारील, तवा तिच्याजवळ जाऊन नुसतं बसा, बोलू नका काय. आन ऋतुजा, तू... तू आदी...”

ऋतुजा वाट बघत राहिली. पुढचा शब्द आला नाही. साखराबाईंचं डोकं वजीरच्या लोकरीत कलंडलं होतं आणि तोंड जरासं उघडं राहिलं होतं. किती वर्षांनी कळपापाशी त्या अशा झोपल्या असतील, कुणास ठाऊक. ऋतुजाने घोंगडी त्यांच्या अंगावर सरकवली. भागवत आवाज न करता उठला, ओला फोन घोंगडीशेजारी ठेवला, आणि काठी घेऊन वाऱ्याकडे तोंड करून बसला.